पक्षातून काढलं, पुढे काय?

निवडणुकांचा हंगाम आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांतले बांधाचे आणि सातबाऱ्याचे तंटे जरा मागे पडतात. या खेपेला कामशेत आणि आसपासच्या गावांतून आलेली निवडक पत्रं घेतली आहेत. सगळी पक्षशिस्तीबद्दलच आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

शंका : मी कामशेतचा. अनेक वर्षं एकाच पक्षाचं काम केलं. परवा तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्र फिरलं, की पक्षविरोधी कारवायांसाठी माझी सहा वर्षांसाठी हकालपट्टी झाली आहे. नोटीस नाही, म्हणणं ऐकून घेतलं नाही. हे मानवी हक्कांचं उल्लंघन नाही का? आयोगाकडे जाऊ का?

समाधान : पत्राची प्रत जोडलीत ते बरं केलंत. लेटरहेड आहे, सही आहे, पण जावक क्रमांकाची जागा कोरी आहे. कारण म्हणून ‘वरिष्ठांच्या आदेशावरून’ एवढंच लिहिलंय. कोणते वरिष्ठ, पक्षाच्या घटनेचं कुठलं कलम, याचा पत्ता नाही. तुमची बाजू जी काही आहे ती या कोऱ्या जागेत आहे.

आयोगाचं मात्र डोक्यातून काढा. मानवी हक्क आयोग 1993 च्या कायद्यानुसार चालतो आणि त्याचा रोख लोकसेवकांवर असतो. पोलिसांनी मारलं, अधिकाऱ्याने डोळेझाक केली, तर आयोग. तालुकाध्यक्ष स्वतःला कितीही सरकार समजत असला तरी कायद्याच्या लेखी तो लोकसेवक नाही. पक्ष ही राज्यघटनेच्या अर्थाने ‘राज्यसंस्था’ही नाही, त्यामुळे मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात रिट करूनही सहसा पदरात काही पडत नाही.

मग उरतं काय? करार. तुम्ही पावती फाडून सभासद झालात तेव्हा पक्षाची घटना तुम्ही मान्य केलीत, तशी पक्षानेही केली. यावरचा पायंडा आपल्या सीमाभागातला आहे. बेळगावच्या ‘लॉज व्हिक्टोरिया’ या फ्रीमेसन संस्थेने टी. पी. दावर नावाच्या सभासदाला काढलं आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या निकालात न्यायालय म्हणालं, की काढण्याचा अधिकार संस्थेला नियमांतून मिळतो, म्हणून नियम काटेकोर पाळले पाहिजेत, हेतू शुद्ध पाहिजे आणि माणसाला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. मात्र निर्णय योग्य की अयोग्य यात न्यायालय अपिलात बसल्यासारखं शिरणार नाही. दावर ती केस हरले, हेही सांगून ठेवतो.

तेव्हा आधी पक्षाची घटना मिळवा. 1989 पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-क खाली नोंदणी करताना पक्षाला ती निवडणूक आयोगाला द्यावी लागते. शिस्तभंगाचं कलम वाचा: तालुक्याला काढण्याचा अधिकार आहे की फक्त प्रदेशाला, नोटीस किती दिवसांची, अपील कोणाकडे. मग प्रदेशाच्या शिस्तपालन समितीला स्पीड पोस्टाने अपील पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. घरातला दरवाजा ठोठावल्याशिवाय वडगावच्या दिवाणी न्यायालयात गेलात, तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल. दावा जिंकलात तरी पक्ष दुसऱ्या दिवशी रीतसर नोटीस काढून तुम्हाला रीतसर काढू शकतो. माझ्या मते नाव साफ करून घ्यायचं असेल तरच हा खटाटोप करावा, पद परत मिळवण्यासाठी नको.

सहा वर्षांचा मात्र फार धसका घेऊ नका. मे 1999 मध्ये काँग्रेसने शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांना सहा वर्षांसाठीच काढलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पवारांचा नवा पक्ष आणि काँग्रेस महाराष्ट्रात एकत्र सत्तेवर होते. आपल्या मावळातही 2019 ला भाजपची उमेदवारी न मिळालेले सुनील शेळके राष्ट्रवादीत गेले आणि भाजपच्याच बाळा भेगडेंना हरवून आमदार झाले.

शंका : पक्षाची घटना एवढी महत्त्वाची असते का? आमच्याकडे ती कोणी पाहिलेलीसुद्धा नाही.

समाधान : शिवसेनेतही फार जणांनी पाहिली नसावी. 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेवर निकाल दिला तो कुठली घटना धरून? 1999 ची. 2018 ची सुधारित घटना निवडणूक आयोगाच्या दप्तरी नाही, म्हणून ती बाजूला ठेवली गेली. आणि 1999 च्या घटनेनुसार पक्षप्रमुखाला एकट्याच्या मर्जीने एकनाथ शिंदेंना नेतेपदावरून दूर करता येत नव्हतं, असं अध्यक्षांनी म्हटलं. निकाल पटो न पटो, ठाकरे गटाला तो पटला नाही आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. पण ज्या पक्षात आदेश हाच कायदा असं तीन पिढ्या मानत आल्या, तिथे शेवटी दप्तरातला कागद विचारला गेला.

शंका : मी नाणे मावळातली ग्रामपंचायत सदस्य. उपसरपंचाच्या निवडीत पॅनेलप्रमुखाने ‘व्हीप’ दिलाय, मोडला तर पद जाईल म्हणतात.

समाधान : जाणार नाही. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही, आणि महाराष्ट्राचा 1986 चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांच्यापुरता आहे. पॅनेलप्रमुखाची चिठ्ठी म्हणजे विनंती.

तुमचे दीर पंचायत समितीत आहेत असं लिहिलंय, त्यांना मात्र सांगा, की तिथे व्हीप खरा असतो. विरोधात मत दिलं तरी अडचण, मतदानाला गैरहजर राहिलं तरी अडचण. पंधरा दिवसांत पक्षाने माफ केलं नाही तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातं. पक्षाने काढलं म्हणून सदस्यत्व जात नाही. पण काढलं म्हणून मोकळा झालो, असं समजून दुसऱ्या पक्षात उडी मारली तर जाऊ शकतं. आमदारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या विश्वनाथन प्रकरणात हेच सांगितलं. राज्याचा कायदाही त्याच वळणाचा आहे.

शंका : भाचा इंग्लंडमध्ये लेबर पक्षाचा सभासद आहे. तक्रारीवरून त्याला निलंबित केलंय. तिकडे तरी न्याय मिळतो ना?

समाधान : पाया तिथेही कराराचाच. आणि निलंबनाला फार आडकाठी नाही. 1978 च्या ‘लुईस विरुद्ध हेफर’ खटल्यात न्यायाधीश लॉर्ड डेनिंग म्हणाले, की चौकशी होईपर्यंत थांबवून ठेवणं ही शिक्षा नव्हे, त्याला आधी सुनावणी लागत नाही. (त्यातले ज्युलियन लुईस पुढे हुजूर पक्षाचे खासदार झाले आणि 2020 मध्ये त्या पक्षानेही त्यांना काही महिने संसदीय गटाबाहेर ठेवलं. काही माणसांच्या पत्रिकेतच असतं.)

फरक आहे तो समानता कायद्याचा. 2010 च्या त्या कायद्याखाली पक्षालाही वंश, धर्म, लिंग यांवरून सभासदाशी भेदभाव करता येत नाही, आणि त्यावर नजर ठेवायला आयोग आहे. त्याने ऑक्टोबर 2020 मध्ये ज्यूविरोधी तक्रारींच्या हाताळणीवरून लेबर पक्षाने कायदा मोडल्याचं म्हटलं. नेत्याच्या कार्यालयातून तक्रारींत ढवळाढवळ झाली, हा एक ठपका. त्याच दिवशी माजी नेते जेरेमी कॉर्बिन निलंबित झाले. पुढच्या महिन्यात सभासदत्व परत मिळालं, पण संसदीय गटात घेतलं नाही. 2024 ला ते अपक्ष म्हणून निवडून आले. भाच्याला सांगा, तक्रारीची प्रत लेखी मागायची आणि दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यायचं. फेसबुकवर मात्र काही लिहू नको म्हणावं.

शंका : प्रचार कार्यालयात एक पदाधिकारी रात्री-बेरात्री घाणेरडे मेसेज पाठवतो. पक्षात सांगितलं तर ‘निवडणूक होऊ दे’ म्हणाले.

समाधान : निवडणूक होईपर्यंत थांबू नका. केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं, की पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक-नोकर नातं नाही, म्हणून पक्षाला अंतर्गत तक्रार समिती नेमण्याची सक्ती नाही. मला हे पटत नाही. पहाटेपासून मतदार याद्या वाटणाऱ्या बाईला ते कार्यालय कामाचीच जागा वाटते. पण आज तरी पक्षाच्या समितीच्या भरवशावर राहू नका. तुम्ही तिथे पगारावर असाल आणि कर्मचारी दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज करा. पगारी नसाल तर थेट कामशेत पोलीस ठाण्यात जा. अश्लील शेरेबाजीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 75 आहे, आणि नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क साधत असेल तर कलम 78. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉटवर तारीख-वेळ दिसू द्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.