फुकटचं आयकॉन छापण्याआधी हे वाचा!



"सर, आयकॉन फ्री डाउनलोड झालं, मग पॅकिंगवर छापायला काय हरकत?" हा प्रश्न मला नेहमी येतो. हरकत असू शकते! फ्री म्हणजे पैसे द्यायचे नाहीत, एवढंच. चित्राचा मालक चित्रकारच असतो. तुम्हाला मिळते ती परवानगी, आणि तिला अटी असतात.

मी स्वतः एकदा क्लासच्या माहितीपत्रकावर लायसन्स न वाचता चित्र टाकलं. छपाईनंतर कळलं, धंद्यासाठी वापरायला बंदी होती. सगळा गठ्ठा रद्दीत गेला.

क्रिएटिव्ह कॉमन्सची ही चार नावं लक्षात ठेवा:

१. सीसी झिरो: श्रेय देण्याची सक्ती नाही.
२. सीसी बाय: धंद्यात वापरा, पण श्रेय द्या. फॉन्ट ऑसमची फ्री आयकॉन्स यातच येतात.
३. सीसी बाय-एसए: चित्रात बदल करून ते बाहेर दिलंत, तर याच लायसन्सखाली द्यावं लागतं. म्हणून लोगोसाठी नको.
४. नावात एनसी दिसलं: धंद्यासाठी हात लावू नका.

श्रेय कसं द्यायचं? चित्राचं नाव, चित्रकार, मूळ लिंक आणि लायसन्स. रंग बदलला असेल तर तेही लिहा. पाकिटावर जागा नाही? वेबसाइटवर श्रेयाचं पान करा आणि पाकिटावर त्याची लिंक छापा.

आता टी-शर्ट, मग छापणाऱ्यांसाठी. पॅक-मॅन १९८० चा, "आता कोण विचारतंय?" असं म्हणू नका. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. वर ट्रेडमार्क वेगळाच. कुणीतरी ते चित्र 'फ्री' म्हणून अपलोड केलं असेल, पण जे त्याचं नाहीच, त्याची परवानगी तो कशी देणार? जुना पिक्सेल लूक खुशाल वापरा, जुनं पात्र उचलू नका. ओपनगेमआर्टवर कलाकारांनी स्वतः केलेलं असं काम मिळतं. तिथेही प्रत्येक चित्राचं लायसन्स वेगळं असतं, ते तपासा.

आधीच चूक झाली असेल तर? सीसी ४.० मध्ये चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारलीत, तर गेलेली परवानगी आपोआप परत मिळते. मधल्या काळाबद्दल दावा मात्र होऊ शकतो.

आजचा गृहपाठ: एक एक्सेल शीट करा. फाइल, चित्रकार, लिंक, लायसन्स, तारीख. सोबत लायसन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण उद्या कुणी विचारलं तर दाखवायला पुरावा असेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!