दुकानातली वीज : एकाच उष्णतेचे पैसे दोनदा कशाला?

मुलांनो, ओक ट्री रोड तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आयसेलिन भागांतून जाणाऱ्या ह्या रस्त्यावर किराणा, मिठाई, डोसे, साड्या, दागिने अशी आपल्याकडची दुकाने एकाला एक लागून आहेत. पोहे, कोकम आणि ज्वारीचे पीठ आपल्याला तिथेच मिळते. ह्या दुकानांत आपण नेहमी गिऱ्हाईक म्हणून जातो. आजच्या पाठात ती वीजबिलाच्या बाजूने पाहू या.

वीज मोजायची कशी?

१००० वॅटचे उपकरण एक तास चालले की १ किलोवॅट-तास वीज खर्च होते. इथल्या बिलावर हाच शब्द असतो. महाराष्ट्रात त्यालाच 'युनिट' म्हणतात. "ह्या महिन्यात किती युनिट पडले?" हे वाक्य आई-बाबांनी लहानपणी नक्की ऐकलेले असेल, त्यांना विचारा.

दुकानाच्या बिलात पुष्कळदा आणखी एक आकडा असतो, तो म्हणजे महिन्याभरात एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट वीज ओढली गेली. मोटारीत मैल मोजणारा एक काटा आणि वेग दाखवणारा दुसरा, तसेच हे. किलोवॅट-तास म्हणजे एकूण मैल, किलोवॅट म्हणजे वेग. सकाळी दुकान उघडताच एअर कंडिशनर, विजेची भट्टी आणि डोशाचे पीठ वाटायचे यंत्र एकदम सुरू केले तर हा दुसरा आकडा उडी मारतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. तीच यंत्रे थोड्या थोड्या वेळाने सुरू केली तर काम तेवढेच होते आणि बिल मात्र उतरते. त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही.

उष्णता जाते कुठे?

आता पाठातला मुख्य मुद्दा. दिव्यात शिरलेली वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन राहते. जुना ६० वॅटचा बल्ब आणि नवा ९ वॅटचा एलईडी दिवा साधारण सारखाच उजेड देतात. पण पहिला खोलीत ६० वॅटची उष्णता सोडतो, दुसरा फक्त ९ वॅटची. उन्हाळ्यात ही उष्णता बाहेर फेकायला एअर कंडिशनर लागतो. म्हणजे दुकानदार आधी दिव्याच्या विजेचे पैसे भरतो आणि मग त्याच दिव्याची उष्णता बाहेर काढण्याचे पुन्हा भरतो.

हिवाळ्यात ह्या उष्णतेचा दुकान ऊबदार ठेवायला थोडा उपयोग होतो, हेही खरे. पण शीतकपाटातल्या दिव्याला ती सवलत नाही. तिथे बाराही महिने आतली उष्णता उपसून बाहेर टाकावीच लागते. ओल्या होडीत पाणी ओतून तेच पुन्हा उपसण्यासारखा हा प्रकार आहे. म्हणून दिवे बदलायचे तर आधी शीतकपाटातले बदलावेत.

सराफाच्या दुकानात हाच प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. सोने चमकावे म्हणून तिथे छताला छोटे हॅलोजन दिवे लावायची पद्धत होती. एकेक दिवा ५० वॅटचा. असे ३० दिवे म्हणजे १५०० वॅट, जणू भर उन्हाळ्यात दुकानात एक हीटर लावून ठेवला आहे! त्या जागी ८ वॅटचे एलईडी लावले तर २४० वॅटमध्ये भागते.

एक हिशेब

आम्ही संगणकावर काम करणारी माणसे, आकडे मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. समजा एका किराणा दुकानात ४० वॅटच्या ४० जुन्या नळ्या आहेत.

जुन्या नळ्या : ४० × ४० = १६०० वॅट
१६ वॅटच्या एलईडी नळ्या : ४० × १६ = ६४० वॅट
बचत : ९६० वॅट

दिवसाचे १२ तास आणि वर्षाचे ३६० दिवस धरले तर सुमारे ४१४७ किलोवॅट-तास वाचतात. दर २० सेंट धरू. म्हणजे वर्षाला सुमारे ८२९ डॉलर.

"एवढेच?" असे कोणी म्हणेल. पण किराणा दुकानात १०० डॉलरचा माल विकला तर १०० डॉलर नफा होत नाही. समजा ५ डॉलर उरतात. मग ८२९ डॉलर मिळवायला सुमारे १६,५०० डॉलरचा माल विकावा लागेल. तांदळाची किती पोती उचलावी लागतील, विचार करा! भाडे वाढते, शेजारी मोठे दुकान उघडते, अशा वेळी छोटे दुकान टिकणार की नाही हे अशाच आकड्यांवर ठरते. आमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी हा हिशेब रोज रात्री होतो, हे आपण विसरू नये.

स्वयंपाकघर आणि लाँड्री

उपाहारगृहात शेगडीवर धूर ओढणारा मोठा पंखा असतो. तो धुराबरोबर दुकानातली थंड किंवा गरम केलेली हवाही बाहेर टाकतो. शेगडी बंद असताना तो पूर्ण वेगाने चालला तर पैसे नळीवाटे आकाशात जातात. उरलेले उपाय तुमच्या आज्जीला केव्हाच ठाऊक आहेत. डाळ भिजत घालावी, पातेल्यावर झाकण ठेवावे, कुकर वापरावा. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते.

लाँड्रीत सगळ्यांत महाग काम म्हणजे कपडे वाळवणे. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ किलोवॅट-तास इतकी उष्णता लागते. तेच पाणी जोरात फिरवून पिळून काढले तर त्याच्या मानाने फारच थोडी वीज पुरते. म्हणून वेगाने पिळणारे धुलाई यंत्र घेतले की वाळवण्याच्या यंत्राचा खर्च उतरतो.

काटकसर आणि कंजूषपणा

हे दोन शब्द सारखे वाटतात, पण तसे नाहीत. काटकसर म्हणजे काम तेच ठेवून वाया जाणारे वाचवणे. कंजूषपणा म्हणजे कामच कमी करणे. दूध-दही ४१ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचे नाही, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. वीज वाचवायला कोणी शीतकपाट ५० अंशांवर ठेवले तर तो कंजूषपणा, शिवाय धोकादायक. दाराचे सैल झालेले रबर बदलणे, मागच्या जाळीवरची धूळ झाडणे, रात्री उघड्या कपाटावर पडदा ओढणे ही काटकसर.

नियम आणि अडचणी

काही गोष्टी कायद्याने झाल्या. २०२३ पासून अमेरिकेत नेहमीच्या वापराचे जुने तारेचे बल्ब विकायला बंदी आहे. न्यू जर्सीत ४ मे २०२२ पासून दुकानांतून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक पिशव्या देणे बंद झाले, आणि आपल्या घरची कापडी पिशवी पुन्हा मानाला चढली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली 'एनर्जी स्टार' हे चिन्ह सुरू केले. ते आधी संगणकांवर आले आणि पुढे दुकानांतल्या शीतकपाटांवर व भांडी धुण्याच्या यंत्रांवरही दिसू लागले.

मग सगळे दुकानदार बदल का करत नाहीत? पुष्कळदा जागा भाड्याची असते. जुना एअर कंडिशनर घरमालकाचा, बिल भाडेकरूचे. ज्याने यंत्र बदलायचे त्याला बिल येत नाही आणि ज्याला बिल येते त्याचे यंत्र नाही. दुसरे असे की बारा-बारा तास गल्ल्यावर उभे राहणाऱ्या माणसाला बिल वाचायला सवड नसते.

पालकांना विनंती

इथल्या वीज कंपन्या छोट्या दुकानांची ऊर्जा तपासणी करून देतात आणि नव्या दिव्यांच्या व यंत्रांच्या खर्चाचा काही भागही उचलतात. अडते ते अर्ज भरण्यापाशी. आपल्यातले अनेक जण दिवसभर आकडे आणि तक्ते हाताळतात. ओळखीच्या दुकानदाराची इच्छा असेल तर त्याच्या बारा महिन्यांच्या बिलांचा आलेख काढून देणे आणि अर्ज भरायला मदत करणे आपल्याला एका दुपारीत जमेल. आम्ही काही पालक ह्यासाठी तयार आहोत. वर्गाच्या वेळी भेटावे.

शब्दार्थ

गिऱ्हाईक – खरेदी करणारा
सराफ – सोन्याचांदीचा व्यापारी
शीतकपाट – पदार्थ थंड ठेवायचे कपाट, फ्रिज
उपसणे – आतले पाणी बाहेर काढणे
गल्ला – दुकानातली पैशांची पेटी
दंडक – पाळायचा नियम

स्वाध्याय

१. 'एकाच उष्णतेचे पैसे दोनदा' म्हणजे काय? चार वाक्यांत लिहा.
२. काटकसर आणि कंजूषपणा यांचे घरातले एकेक उदाहरण द्या.
३. सराफाच्या दुकानात दिवे रोज १० तास लागतात. दिवे बदलल्यास एका दिवसात किती किलोवॅट-तास वाचतील?
४. करून पाहा : घरच्या फ्रिजच्या दारात एक डॉलरची नोट धरून दार बंद करा. नोट अलगद निघून आली तर रबर सैल आहे. काय आढळले ते पुढच्या वर्गात सांगा.
५. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण ह्या पाठाला कशी लागू पडते?

दुकानात आइस्क्रीम निवडताना फ्रीझरचे दार उघडे धरून उभे राहू नका. आधी काचेतून बघा, ठरवा आणि मग दार उघडा.