सी-हॉकची प्रतिकृती

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत गिरगाव, दादर, परळ या भागांत चाळींच्या अंगणांत मातीचे किल्ले तुम्ही पाहिले असतील. खरा किल्ला डोंगराएवढा, तर अंगणातला हातभर. मोठ्या वस्तूचे असे हुबेहूब लहान रूप म्हणजे प्रतिकृती. उर्दूत तुम्ही तिला ‘नमूना’ म्हणता. मराठीतही ‘नमुना’ हा शब्द आहे. आज आपण एका लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृती कशी करतात, ते पाहू.

विमान कोणते निवडावे? ज्याचे मुंबईशी नाते आहे, असेच निवडू. ‘विक्रांत’ ही भारतीय नौदलाची विमानवाहू नौका ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईला आली. तिच्यावर ‘सी-हॉक’ नावाची जेट विमाने होती. ती चालवणाऱ्या पथकाचे नाव होते ‘व्हाइट टायगर्स’, म्हणजे पांढरे वाघ. डिसेंबर १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्या एका बॉयलरला तडा गेला होता. त्यामुळे तिचा वेग कमी झाला होता. तरीही ४ डिसेंबरला सी-हॉक विमाने तिच्यावरून उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला.

आता थोडे गणित करू. सी-हॉकची लांबी सुमारे १२ मीटर होती. ते ३२ पटींनी लहान केले, तर प्रतिकृती सुमारे ३८ सेंटिमीटर लांब होते. याच मापाने १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस फक्त ५ सेंटिमीटरचा होतो. म्हणजे वैमानिक तुमच्या बोटाहून लहान! विमानाचा प्रत्येक भाग याच मापाचा असावा लागतो. एक जरी भाग मोठा झाला, तरी डोळ्यांना खटकतो.

प्लॅस्टिकचे सुटे भाग एका चौकटीला जोडलेले असतात. ते हाताने तोडू नका, कापून काढा. कापण्याचे काम घरातल्या मोठ्या माणसासमोर करा. भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. त्यांच्यावर तेलकटपणा राहिला, तर रंग नीट बसत नाही.

सुरुवात वैमानिकाच्या बैठकीपासून करतात. कारण विमानाच्या दोन बाजू एकदा जोडल्या, की आत ब्रश जात नाही. आसनाच्या वरच्या टोकाला एक मूठ असते. विमान वाचणार नाही असे दिसले, की वैमानिक ती मूठ ओढतो आणि आसनासह बाहेर फेकला जातो. प्रतिकृतीत ही मूठ तांदळाच्या दाण्याएवढी असते. पण ती विसरू नका. एका माणसाचा जीव तिच्यावर अवलंबून होता.

सी-हॉकच्या नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन चाके असतात. म्हणून दोन बाजू जोडण्यापूर्वी नाकात थोडे वजन चिकटवावे लागते. नाहीतर प्रतिकृती शेपटीवर बसते. जोडासाठी लागणारा द्रव प्लॅस्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन्ही भाग एकजीव करतो. त्याचा वास उग्र असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. जोड वाळला, की तो बारीक पॉलिश पेपरने घासून साफ करा.

आता सी-हॉककडे नीट पाहा. पुष्कळ जेट विमानांच्या शेपटीत मोठे भोक असते. सी-हॉकच्या शेपटीत ते नाही. मग गरम वायू जातो कुठे? इंजिनामागे नळीचे दोन फाटे होतात. वायू पंखांच्या मागे, दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. त्यामुळे मागच्या भागात इंधनासाठी जागा मिळाली. शेपटीखाली एक आकडा आहे. नौकेवर उतरताना तो आडव्या तारेत अडकतो आणि विमान थांबते. पंखांवर घडीची रेघ आहे. नौकेवर जागा कमी, म्हणून पंख वर दुमडत. रेघ छोटी, पण कारण मोठे!

रंग पातळ करून दोन-तीन वेळा द्या. पावसाळ्यात मुंबईची हवा दमट असते. तेव्हा रंग वाळायला जास्त वेळ लागतो. घाई करू नका. मग भारताचे गोल चिन्ह लावा. बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा, असा त्याचा क्रम आहे. शेवटी तोफांच्या तोंडाशी आणि वायूच्या वाटेवर थोडी काजळी दाखवा. समुद्रावर काम करणारे विमान नवे कोरे दिसत नाही.

एवढे कष्ट कशासाठी? ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. २००१ ते २०१२ या काळात ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे ती विकली गेली. २०१४ साली रे रोडजवळच्या दारूखान्यात तिचे तोडकाम सुरू झाले. २०२२ साली नौदलात आलेली ‘विक्रांत’ ही नवी नौका आहे. जुनी आता दिसणार नाही. गोव्यातील नौदल विमान संग्रहालयात मात्र सी-हॉक जपून ठेवले आहे.

युद्ध ही आनंदाची गोष्ट नाही. त्यात दोन्हीकडची माणसे जातात. प्रतिकृती करणारा युद्धाचा खेळ करत नाही. ते यंत्र कसे होते, त्यात बसणाऱ्याने काय सोसले, हे तो नीट पाहतो आणि जपतो. तुम्हीही एखादी वस्तू अशी नीट पाहा. तिच्यावरच्या प्रत्येक रेघेला ‘तू इथे का?’ असे विचारा.

शब्दार्थ
हुबेहूब – अगदी तशीच
विमानवाहू नौका – विमाने वाहून नेणारे जहाज
खटकणे – बरोबर न वाटणे
एकजीव होणे – पूर्ण मिसळून एक होणे
काजळी – धुराचा काळा थर

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘विक्रांत’ मुंबईला केव्हा आली?
(आ) सी-हॉकचे पंख का दुमडत?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) प्रतिकृतीच्या नाकात वजन ठेवतात.
(आ) काम वैमानिकाच्या बैठकीपासून सुरू करतात.
प्र. ३. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा.
उपक्रम : तुमच्या वर्गातील बाकाची लांबी मोजा. बाक १० पटींनी लहान केल्यास किती लांब होईल, ते काढा आणि त्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती करा.