अर्जातली कोरी वर्षं

बीड, केज, माजलगाव, गेवराई, कुठल्याही तालुक्याच्या गावी तहसीलच्या आसपास झेरॉक्सची आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं असतात. तिथल्या संगणकात बायोडाटाची एक फाइल कायम तयार असते. आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव काढायचं, नवं टाकायचं, जन्मतारीख आणि टक्के बदलायचे की प्रिंट हातात. वर उद्दिष्ट असतं: आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे. खाली वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, दहावी-बारावी-पदवीचा तक्ता, एमएस-सीआयटी, छंद म्हणून वाचन आणि क्रिकेट. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापन, आणि त्याखाली कधीकधी आधीच्याच गिऱ्हाइकाची तारीख. आपल्याकडच्या मुलामुलींचे खासगी नोकरीसाठीचे अर्ज वाचताना मला यातली उसनी वाक्यं तितकी खटकत नाहीत. खटकतं ते तक्ता संपल्यानंतरचं मौन. पदवी २०१९ ची आणि अर्ज आजचा. मधली वर्षं कुठे गेली, याबद्दल कागद चकार शब्द बोलत नाही. या वर्षांचा खरा हिशेब लिहिणं, हाच आपल्या जिल्ह्यातल्या उमेदवाराचा अर्ज सुधारण्याचा पहिला आणि सर्वांत मोठा उपाय आहे, असं माझं मत आहे.

ही वर्षं कोरी का दिसतात, याची कारणं आपल्याला पाठ आहेत. एक कारण स्पर्धा परीक्षा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. अभ्यास कितीही केला तरी यातले बहुतेक बाहेर राहणार, हे गणितच सांगतं. पोलीस भरतीचं मैदान असो की पुण्यातली अभ्यासिका, तीन-चार वर्षं देऊन परत आलेला मुलगा बीड जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावात सापडेल. दुसरं कारण ऊसतोड. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलला परततात. ज्यांच्या घरी उचल घेतलेली असते, तिथल्या शिकलेल्या पोरालाही एखादा हंगाम फडावर काढावा लागतो. तिसरं कारण मुलींचं: लवकर झालेलं लग्न, मग संसार, मग पाच-सहा वर्षांनी पुन्हा नोकरीचा विचार. या तिन्ही वाटांवर माणूस रिकामा बसलेला नसतो. तरीही अर्जात ही वर्षं येत नाहीत, कारण दुकानातल्या फाइलीत त्यांच्यासाठी रकानाच नसतो.

आता टेबलाच्या पलीकडून पाहा. वाळूज, चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात भरतीचं काम पाहणाऱ्या माणसापुढे एका जागेसाठी अर्जांचा गठ्ठा असतो. त्याला उमेदवाराचं चरित्र नको असतं. हा माणूस आपलं काम करू शकेल का, टिकेल का आणि खरं बोलतो का, एवढंच त्याला चाळता चाळता हेरायचं असतं. अर्जात चार वर्षांची पोकळी दिसली की ती तो स्वतःच्या मनानं भरतो, आणि सहसा वाईट अर्थानंच भरतो: कुठून तरी काढून टाकला असेल, आजारी असेल, नाही तर घरीच बसून असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे नातेसंबंधांत खरं असेल. अर्जात झाकलेली मूठ रिकामीच धरली जाते. उलट त्या चार वर्षांवर दोन साध्या ओळी असल्या, तर शंकेला जागा उरत नाही आणि मुलाखतीत बोलायला विषयही मिळतो.

ऊसतोडीचंच उदाहरण घेऊ. 'कष्टाळू, प्रामाणिक, जबाबदार' हे तीन शब्द कुणीही लिहू शकतो, म्हणून ते कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. त्याऐवजी असं लिहा: 'नोव्हेंबर २०२२ ते मार्च २०२३, ऊसतोड टोळीसोबत. रोजच्या खेपा, कारखान्याच्या काट्यावरच्या वजनाच्या पावत्या आणि प्रत्येक कोयत्याच्या नावावरचं टनेज यांची वही ठेवली. हंगामाअखेर उचल वजा करून मुकादमाच्या हिशेबाशी ताळा जुळवला.' टोळीतल्या शिकलेल्या पोराकडेच ही वही येते, हे आपल्याला माहीत आहे. गोदामात माल आत घेताना आणि बाहेर पाठवताना जे काम असतं, ते हेच आहे: गाडी नंबर, वजन, पावती, नोंद, ताळा. डिस्पॅच सहायक किंवा स्टोअरकीपर शोधणाऱ्याला या दोन ओळी 'कष्टाळू'पेक्षा पुष्कळ काही सांगतात. वही ठेवलीच नसेल, नुसती तोड केली असेल, तर तेवढंच लिहावं. कुटुंबाच्या गरजेपोटी एक हंगाम काम केलं, हे लपवण्यासारखं नाही. बचत गटाचं दप्तर सांभाळणाऱ्या सुनेनं तसंच करावं. गटात किती सदस्य, दरमहा बचत किती, बँकेचं कर्ज किती आणि हप्ते वेळेवर गेले का, हे आकडे तिच्याकडे असतातच. ते कागदावर आले की मधली वर्षं अनुभवाच्या रकान्यात जातात.

परीक्षेच्या वर्षांबाबत जरा तोलून लिहावं लागतं. 'एमपीएससीची तयारी' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यात फक्त अपयश दिसतं. पूर्वपरीक्षा खरोखर उत्तीर्ण झाला असाल तर वर्षासह लिहा. नसाल तर त्याबद्दल गप्प राहा. मात्र त्या काळात आणखी जे केलं, ते जरूर लिहा. अभ्यासिकेची फी गोळा करून हिशेब ठेवला, लहान वर्गांच्या शिकवण्या घेतल्या, टंकलेखनाची शासकीय परीक्षा दिली, या सगळ्याला नोकरीच्या बाजारात किंमत आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत अनेकांनी ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कचेरीत काम केलं. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन होतं. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढली. अर्जात नुसतं योजनेचं नाव घातलं तर त्यातून काहीच कळत नाही. कोणत्या नोंदी ऑनलाइन भरल्या, कोणते दाखले तयार केले, लोकांच्या कोणत्या तक्रारी ऐकून घेतल्या, ते लिहा.

यावर पहिला आक्षेप येतो तो लाजेचा. ऊसतोड लिहिली तर पुण्याचा साहेब हसेल, गावाची आणि जातीची अटकळ बांधेल, असं म्हणतात. ही भीती खोटी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावं वेगळी होती. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. आपल्याच जिल्ह्यात २०२५ मध्ये पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त नावं ठेवली गेली. आडनावावरून माणूस जोखण्याची सवय किती खोल आहे, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची. म्हणूनच माझा सल्ला असा की धर्म, जात, वैवाहिक स्थिती हे रकाने खासगी नोकरीच्या अर्जातून सरळ काढून टाका. सरकारी भरतीत आरक्षणासाठी जातीचा दाखला लागतो, तिथे तो द्यायचाच. इथे कुणी मागितलेला नाही. आधार क्रमांकही कागदावर नको. पण जात न लिहिणं वेगळं आणि काम लपवणं वेगळं. आडनावावरून जो दार लावून घेणार, तो ऊसतोड न लिहिल्यानंही उघडणार नाही. जो काम पाहून माणूस निवडतो, त्याच्यासमोर मात्र काम लपवून नुकसान आपलंच होतं.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक असतो: नोकरी ओळखीनं लागते, कागद कोण वाचतो? ओळख लागते, हे मान्य. पण आजची ओळख म्हणजे बहुधा कंपनीत असलेला गावचा मुलगा व्हॉट्सअॅपवर तुमची फाइल पुढे सरकवतो, एवढीच असते. पुढे ती फाइल त्याचा साहेब उघडतो, आणि त्यात काही नसेल तर पुढच्या वेळी त्या मुलाचाच शब्द पडतो. तिसरा आक्षेप असा की खोटा अनुभव लिहिणारेच पुढे जातात. काही काळ जातात. पण भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकामागे आधीच्या नोकऱ्या आणि तारखा नोंदलेल्या असतात. नवी कंपनी तो क्रमांक मागते. 'दोन वर्षं सुपरवायझर' असं लिहिणाऱ्याचं खातंच नसलं, तर रुजू झाल्यावरही काम जाऊ शकतं. फडावरचा खरा हंगाम यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

अर्जासोबतचं पत्र आपल्याकडे फारसं कुणी मनावर घेत नाही. मोबाइलवर आयतं पत्र तयार करून मिळतं आणि ते तसंच्या तसं पुढे जातं. दहा उमेदवारांची दहा पत्रं एकाच सुरात बोलतात. पत्राचं खरं काम रेझ्युमे पुन्हा सांगण्याचं नसून मालकाच्या मनातल्या न विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याचं आहे. बीडच्या उमेदवाराबाबत ते प्रश्न ठरलेले असतात: येणार कधी, राहणार कुठे, हंगामाला किंवा पुढच्या भरतीला सोडून तर जाणार नाही? पत्र अर्ध्या पानाचं असावं. पहिल्या ओळीत पदाचं नाव आणि जाहिरात कुठे पाहिली ते. मग जाहिरातीतल्या एका गरजेला तुमच्या अनुभवातला एकच ठोस पुरावा. शेवटी, निवड झाल्यास आठ दिवसांत तिकडे राहायला येईन, पाळीत काम करण्याची तयारी आहे, यासारखी स्पष्ट वाक्यं, अर्थात तशी तयारी खरोखर असेल तरच. अजून भरती देणार असाल तर 'कायम राहीन' असं वचन देऊ नका.

इंग्रजीची अडचण खरी आहे, पण ती समजतात तेवढी मोठी नाही. जाहिरात मराठीत असेल तर अर्ज मराठीतच करावा. इंग्रजीत असेल तर छोटी, साधी वाक्यं स्वतः लिहावीत आणि जाणत्याकडून तपासून घ्यावीत. जे वाक्य मुलाखतीत मोठ्यानं वाचता येत नाही, ते अर्जात नको. आणि ज्या नंबरचं रिचार्ज संपलंय तो नंबरही नको. चांगल्या अर्जाला आलेलं बोलावणं फोन न लागल्यामुळे वाया जाणं, याएवढं फुकटचं नुकसान दुसरं नाही.

असा अर्ज केला की नोकरी लागेलच, असं मी म्हणत नाही. जिल्ह्यात उद्योग कमी आहेत, जागा थोड्या आहेत, आणि हे कागदानं बदलणारं नाही. पण निवड होणं आपल्या हातात नसलं तरी अर्जात काय लिहायचं, ते असतं. तेव्हा पाठवण्याआधी प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा: कुठे, केव्हा, किती? उत्तर देता येत असेल तर ओळ राहू द्या, नाही तर खोडा. आणि पदवीनंतरचं एखादं वर्ष कोरं दिसत असेल, तर त्या वर्षी तुम्ही काय केलंत ते आजच लिहून काढा.