पाठ वाचवणारा चाकांचा पाट

खोली बदलायची असो की पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीपासून कपाट सरकवायचे असो, आपल्या वस्तीत सगळा भार माणसाच्या कमरेवर येतो. कमर धरली की कामावर खाडा पडतो आणि मजुरी बुडते. म्हणून भंगारातून चाकांचा पाट कसा करायचा, ते आज आपण शिकू.

चाके : कपाट आणि आतले सामान मिळून 150 किलो धरू. जमीन ओबडधोबड असली की भार तीनच चाकांवर येतो. 150 भागिले 3, म्हणजे प्रत्येक चाकावर 50 किलो. चाके जुनी असल्याने आम्ही 75 किलो पेलणारी घेतो. वर सपाट पत्रा असलेली, गोल फिरणारी 4 इंची चाके निवडा. खुर्चीची बारीक चाके फटीत अडकतात.

लाकूड : मालाच्या पॅलेटच्या पट्ट्या मजबूत असतात. त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची प्रक्रिया झालेले. ते कापू नका, चुलीतही जाळू नका. खिळे आधी उपटा. गंजका खिळा लागला तर जखम साबण-पाण्याने धुऊन दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

जोडणी : 24 बाय 16 इंचांचा, 18 मिमी जाड प्लाय घ्या. त्याखाली दोन्ही टोकांना चाकाच्या पत्र्याइतक्या रुंद, 2 इंच जाड पट्ट्या लावा. चाके स्क्रूने नव्हे, आरपार 8 मिमी बोल्ट, वायसर आणि नटने आवळा. वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोका, म्हणजे सामान घसरणार नाही.

तपासणी : 20 लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे 20 किलो. एकेक करून पाच कॅन ठेवा, तासभर थांबा. प्लाय वाकला किंवा चाक तिरपे झाले तर दुरुस्ती करा. मगच कपाट चढवा.

वापर : कपाट रिकामे करता येत असेल तर आधी करा. दोघांनी ते कलते करावे, तिसऱ्याने पाट आत सरकवावा. गुडघ्यात वाका, कंबर पिळू नका. ओढण्यापेक्षा ढकला. उतारावर आणि जिन्यावर हा पाट वापरू नका. मुलांना त्यावर बसू देऊ नका.

वजन उचलल्यावर कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाला, पायातली ताकद गेली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मालिश करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पाट एका घराने केला तरी गल्लीने वापरावा. कमर सगळ्यांचीच वाचली पाहिजे.