सायकल येते, पण रस्त्याची भीती वाटते?

आपल्या वस्तीत अनेक घरांच्या भिंतीला एक सायकल टेकलेली दिसते. चालवता येते, पण मोठ्या रस्त्यावर न्यायची छाती होत नाही. कधीतरी मागून ट्रकने हॉर्न दिला, हँडल डगमगले आणि तेव्हापासून सायकलवर धूळ बसली. मग कामावर जायला रोज रिक्षाचे पैसे मोजावे लागतात. सोडायला कोणी मोकळे नसले की मुलीचा क्लास बुडतो.

ही भीती खोटी नाही. पण ती नुसत्या धाडसाने जात नाही, सरावाने जाते.

आधी सायकल तपासा

दोन्ही ब्रेक, टायरमधली हवा आणि घंटी पाहून घ्या. मागे लाल रिफ्लेक्टर हवा, अंधारात पुढे-मागे दिवा हवा. सुरुवातीला सीट खाली ठेवा. दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर येतो. ओढणी, पदर नीट खोचून घ्या, म्हणजे चेनमध्ये किंवा चाकात अडकणार नाही. हेल्मेट मिळाले तर जरूर घाला.

पहिला आठवडा : मैदान

विहारासमोरचे पटांगण किंवा शाळेचे मैदान सकाळी मोकळे असते. तेथे तीन गोष्टी शिका.

१. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबून ठरलेल्या रेषेवर थांबणे.

२. एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने वळण्याचा इशारा देणे.

३. सरळ जाताना मान वळवून मागे पाहणे. मान वळली की हँडलही वळते, तोल तिथेच जातो. म्हणून घरातल्या कोणाला मागे उभे करा. त्याने बोटे दाखवावीत, तुम्ही मागे पाहून किती ते सांगावे. सायकल सरळ राहिली, तर पुढे जा.

दुसरा आठवडा : गल्ली

रहदारी कमी असेल अशा वेळी, शक्यतो रविवारी सकाळी, ओळखीच्या गल्लीतून फिरा. कामाच्या किंवा शाळेच्या रस्त्यावरही त्याच वेळी एकदा जाऊन या. खड्डे, गतिरोधक, चौक लक्षात ठेवा.

तिसरा आठवडा : मोठा रस्ता

डाव्या बाजूनेच चाला, पण अगदी कडेला चिकटू नका. तिथे खडी आणि गटाराच्या जाळ्या असतात, शिवाय गाड्या अंग घासून पुढे जातात. कडेपासून दोन-तीन फूट आत राहा. उभ्या गाडीचे दार अचानक उघडते, म्हणून तिच्यापासून तीन-चार फूट लांबून जा.

बस किंवा डंपरच्या डावीकडून कधीही पुढे घुसू नका. चालकाला तिथले दिसत नाही आणि गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाके आत येतात. थोडे थांबा, तिला जाऊ द्या.

मागून हॉर्न वाजला तर दचकून वळू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ चालकाने आपल्याला पाहिले आहे, एवढाच असतो. आपली रेषा सोडू नका.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायची भीती वाटली, तर उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. त्यात कमीपणा नाही. पावसात ब्रेक उशिरा लागतात, म्हणून वेग कमी ठेवा. साचलेल्या पाण्याखाली खड्डा असू शकतो.

फायदा किती?

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामावर जाताना १५ मिनिटे आणि येताना १५ मिनिटे, असे पाच दिवस सायकल चालवली की १५० मिनिटे होतात. वेगळा वेळ नको, पैसाही नको. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरच्यांनाही एक विनंती. आई किंवा ताई शिकताना पडली, तर हसू नका. मोठ्या रस्त्यावरच्या पहिल्या दिवशी तिच्या मागे सायकल घेऊन जा. दुसऱ्या दिवशी कदाचित ती म्हणेल, आज एकटी जाते. तेव्हा तिला जाऊ द्या.