सिकलसेल आणि प्रथिनांची अक्षरमाळ : शेकडो नोंदी एकदम कशा मिळवायच्या?



सिकलसेल हा शब्द आपल्या विदर्भात नवीन नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली भागात हा आजार बराच आढळतो. वर्गातलं मूल वारंवार गैरहजर राहतं, हातपाय दुखतात म्हणतं, आणि लोक त्याला आळशी ठरवतात. या आजाराचं मूळ किती लहान आहे, ते आज स्वतः बघू या. त्यासाठी लागणारी माहिती इंटरनेटवर मोफत आहे.

प्रथिन म्हणजे माळ

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी मुख्यतः २० प्रकारचे, आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर दिलेलं आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी अशा माळा पुस्तकात छापल्या, तेव्हा त्या फक्त ६५ होत्या. आज युनिप्रॉट या संकेतस्थळावर कोट्यवधी आहेत. त्यांपैकी साडेपाच लाखांहून जास्त नोंदी तज्ज्ञांनी तपासलेल्या आहेत. त्या भागाला स्विस-प्रॉट म्हणतात.

आधी एक नोंद बघा

युनिप्रॉटच्या शोधचौकटीत इंग्रजी पी आणि लगेच पुढे ६८८७१ (इंग्रजी अंकांत) टाइप करा. माणसाच्या हिमोग्लोबिनची बीटा साखळी उघडेल. तिच्यात १४७ अक्षरं आहेत. सुरुवात अशी : एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई. हे सातवं अक्षर 'ई', म्हणजे ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये तिथे 'व्ही', म्हणजे व्हॅलिन येतं. बदल फक्त एका अक्षराचा! व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो १९५६-५७ मध्ये शोधला.

पुस्तकांत पुष्कळदा 'सहावं स्थान' लिहिलेलं असतं. गोंधळू नका. पहिला 'एम' शरीरात नंतर काढला जातो, पण नोंदीत तो मोजलेला असतो.

आता शेकडो नोंदी

इतर प्राण्यांत या जागी काय असतं? हे बघायला खूप नोंदी लागतात. एकेक उघडत बसलो तर दिवस जाईल. म्हणून :

१. हव्या त्या नोंदींचे क्रमांक एका ओळीत एक असे नोटपॅडमध्ये लिहा. नुसतं नाव चालत नाही, कारण एकाच नावाचं प्रथिन अनेक प्राण्यांत असतं.
२. 'आयडी मॅपिंग' या पानावर ती यादी चिकटवा.
३. निकाल आला की 'डाउनलोड' करून 'फास्टा' प्रकार निवडा. या फाइलमध्ये प्रत्येक नोंद > या चिन्हाने सुरू होते.
४. ती चिन्हं मोजा. १०० मागितल्या आणि ९७ आल्या, तर तीन कोणत्या राहिल्या ते शोधा. ही पायरी गाळू नका. अर्धवट फाइलवरून काढलेला निष्कर्षही अर्धवटच.
५. क्रमांक माहीत नसतील तर एचबीबी हे जनुकाचं नाव शोधा आणि 'रिव्ह्यूड' गाळणी लावा. नाहीतर तुकडे आणि दुबार नोंदीही येतात.

लाखो नोंदी हव्या असतील, तर संपूर्ण स्विस-प्रॉट एकाच फाइलमध्ये उतरवता येतं. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेकडून प्रोग्रॅमने माहिती घेताना मात्र मर्यादा आहे : सेकंदाला ३ मागण्या, मोफत की घेतली तर १०. सार्वजनिक नळासारखंच आहे हे. एकानेच सगळे हंडे लावले तर बाकीच्यांनी काय करायचं?

चिंपांझीची नोंद माणसाच्या नोंदीशेजारी ठेवून बघा. १४७ च्या १४७ अक्षरं सारखी!

वर्गात काय कराल?

रंगीत मण्यांच्या दोन सारख्या माळा करा. एकीतला सातवा मणी बदला आणि मुलांना फरक शोधायला लावा. मग सांगा, हा बदल आईवडिलांकडून जनुकांतून येतो. शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने होत नाही. यात कोणाचाच दोष नाही. वर्गातल्या कोणत्याही मुलाचं नाव मात्र उदाहरणासाठी घेऊ नका.

सरकारचं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. पालकहो, शंका असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्ततपासणीची चौकशी नक्की करा.